पंधरा मिनिटांचं मैदान

आयर्लंडमध्ये नोकरदाराच्या विश्रांतीची मिनिटं कायद्यानं मोजून दिलेली आहेत. कामाच्या वेळेबद्दलचा तिथला १९९७ चा कायदा सांगतो की साडेचार तास काम झालं की किमान १५ मिनिटांची सुट्टी मिळाली पाहिजे, आणि काम सहा तासांच्या पुढे गेलं तर एकूण ३० मिनिटांची. पहिली १५ त्यातच धरलेली. डब्लिनच्या रुग्णालयातली साताऱ्याची परिचारिका असो, नाहीतर कॉर्कच्या औषध कारखान्यातला रत्नागिरीचा तंत्रज्ञ, दिवसाच्या मध्यावर दोघांच्याही हाती एवढाच वेळ येतो. चहा ओतून घ्यायचा, खुर्ची ओढायची आणि फोन काढायचा. मग कुणी एक षटक खेळून घेतं, कुणी पाच पेनल्टी मारतं, कुणी गोल्फची तीन होल्स उरकतं.

बाहेर मैदानं आहेत आणि ती सुंदरही आहेत. पण डिसेंबरात डब्लिनला सकाळी साडेआठ उलटून गेल्यावर सूर्य उगवतो आणि दुपारी चारनंतर लगेच मावळतो. कामावर जाताना अंधार, परततानाही अंधार. क्रिकेटचा हंगाम तर उन्हाळ्यापुरताच. वर्षातले निदान पाच-सहा महिने, कामाच्या दिवशी चेंडूला हात लावायचा तर तो पडद्यावरच लावता येतो. म्हणून या छोट्या खेळांकडे ‘टाइमपास’ म्हणून हात झटकून बघणं मला पटत नाही. त्यांच्या घडणीत मोठी कारागिरी आहे आणि या प्रकरणात ती जवळून बघायची आहे.

अडचण साधी आहे. हर्लिंग या आयरिश खेळाचा आंतरकाउंटी सामना ७० मिनिटांचा, फुटबॉलचा ९० मिनिटांचा, गोल्फची फेरी चार तासांची, कसोटी पाच दिवसांची. हे सगळं १५ मिनिटांत बसवायचं, आणि खेळून उठणाऱ्याला ‘सामना झाला’ असं वाटायला हवं. कापायचं नक्की काय?

हे कोडं मराठी शाळांनी फार पूर्वी सोडवलं होतं. बुक क्रिकेट आठवा. पुस्तक कुठंही उघडायचं आणि डाव्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा बघायचा. डाव्या पानावर सम संख्याच असते, त्यामुळे निकाल पाचच: ०, २, ४, ६ किंवा ८. शून्य आलं की बाद. आठाचं काय करायचं याबद्दल वर्गावर्गांत मतभेद. कुठं तो नो-बॉल, कुठं एक धाव. एक धाव धरली तर गणित असं होतं. बाद होण्याची शक्यता पाचात एक, म्हणजे फलंदाज बाद होण्याआधी सरासरी चार वेळा धावा घेतो. दोन, चार, सहा आणि एक यांची सरासरी सव्वातीन. म्हणून प्रत्येक फलंदाजाच्या वाट्याला सरासरी १३ धावा आणि दहा गडी मिळून १३०, त्याही जेमतेम ५० ‘चेंडूंत’. इंग्लंडमध्ये वीस षटकांचं क्रिकेट २००३ साली सुरू झालं. त्याच्या कितीतरी आधी मधल्या सुट्टीत आपली मुलं षटकामागे पंधराच्या गतीनं धावा कुटत होती.

बुक क्रिकेटनं टाकलं काय काय? गोलंदाजी, क्षेत्ररक्षण, खेळपट्टी, हवामान, अगदी बॅटसुद्धा. राखलं काय? बाद होण्याची धास्ती, वहीच्या मागच्या पानावरचा धावफलक आणि संघातली नावं. गावसकर, वेंगसरकर, कपिल अशी नावं लिहिलेली नसती तर पुस्तक उघडण्यात कुणालाच रस वाटला नसता. कौशल्यही हळूच शिरायचंच. जुनं पुस्तक ठरावीक पानांवर आपोआप उघडतं, आणि ती पानं ज्याच्या अंगठ्याला ठाऊक झाली त्याचं शतक ठरलेलं. छोट्या खेळाला लागणारं जवळजवळ सगळं इथं आहे.

यंत्रावर हा विचार आला तो नाण्यामुळे. ॲलन अल्कॉर्न यांनी बनवलेला अटारी कंपनीचा पाँग १९७२ साली कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका बारमध्ये ठेवला गेला, तो म्हणजे दोन रेघा आणि एक ठिपका एवढंच टेबल टेनिस. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडलं, कारण नाण्यांची पेटी ठासून भरली होती. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राला लांबलचक सामना परवडत नाही. मागचा माणूस नाणं घेऊन उभा असतो. पुढं अटारीनं युरोपसाठी यंत्रं बनवायला कारखाना काढला तो आयर्लंडमध्ये, टिपरेरी गावात. याच टिपरेरी काउंटीतल्या थर्लस इथल्या हेज हॉटेलात १ नोव्हेंबर १८८४ रोजी गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना झाली होती. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल या देशी खेळांना नियमांत बांधून टिकवणारी संस्था आणि खेळांना पेटीत बसवणारा कारखाना एकाच काउंटीत असावेत हा योगायोग मला फार आवडतो.

कापणीचा सगळ्यांत सुबक नमुना मात्र गोल्फमध्ये सापडतो. निन्टेंडोचा ‘गोल्फ’ १९८४ साली आला. त्याचा प्रोग्राम लिहिला सातोरू इवाता यांनी, जे पुढं त्या कंपनीचे अध्यक्ष झाले. गोल्फचा फटका म्हणजे पाय, कंबर, खांदे, मनगट यांची इतकी गुंतागुंत की माणूस आयुष्यभर शिकत राहतो. इवातांच्या खेळात ते सगळं एका बटणाच्या तीन दाबांवर आलं: पहिल्या दाबानं पट्टीवरची खूण सरकू लागते, दुसऱ्यानं जोर ठरतो, तिसऱ्यानं अचूकपणा. तिसरा दाब किंचित चुकला की चेंडू झाडीत. शरीराची हालचाल गेली, पण फटका मारतानाची ती नेमक्या क्षणाची वाट पाहणं शिल्लक राहिलं, आणि गोल्फ खेळणारी माणसं सांगतील की जीव तिथंच असतो. पुढं २००६ साली आलेल्या ‘वी स्पोर्ट्स’मधल्या गोल्फची नऊ होल्स याच जुन्या खेळातून घेतली होती. त्याच संचातल्या टेनिसमध्ये खेळाडू आपोआप धावतो. आपण फक्त रॅकेट फिरवायची. धावणं काढून टाकलेलं टेनिस कोण खेळेल, असं वाटेल. तो संच आठ कोटींहून अधिक घरांत गेला, आणि त्यांतल्या कित्येक घरांत आजी-आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा टेनिस खेळलं.

उत्तर आयर्लंडच्या हॉलीवूड गावचा रोरी मॅकिलरॉय याच्या नावानं २०१५ साली गोल्फचा मोठा व्हिडिओ गेम निघाला. त्यात झटपट फेरीची सोय होती. अठरा होल्सपैकी मोजकी, निर्णायक होल्स आपण खेळायची. बाकीची यंत्र आपल्या कुवतीप्रमाणे हिशेबानं खेळून टाकतं. ही कापण्याची आणखी एक रीत. इथं प्रत्येक फटका सोपा होत नाही, सामन्यातला कंटाळवाणा भाग वगळला जातो. फोनवरचे फुटबॉलचे अनेक खेळ याच वाटेनं गेले: ८७ व्या मिनिटाला चेंडू तुमच्या पायाशी येतो, बरोबरी झालेली असते, पुढचं तुम्ही बघा.

तिसरी रीत घड्याळ पळवण्याची. फुटबॉलच्या मोठ्या खेळांत अर्ध्या डावाला खरी सहा मिनिटं लावली तर पडद्यावरचं प्रत्येक मिनिट आठ सेकंदांत संपतं. खेळाडू मात्र माणसांच्याच वेगानं धावतात, आणि इथं मोठी गोम आहे. खऱ्या फुटबॉलमध्ये ९० मिनिटांत साधारण अडीच-तीन गोल होतात. त्याच प्रमाणात १२ मिनिटं खेळली तर तीन सामन्यांत मिळून जेमतेम एक गोल दिसेल. बहुतेक सुट्ट्या शून्य-शून्य अशा बरोबरीत जातील. म्हणून खेळ बनवणाऱ्याला गोल सोपा करावा लागतो. बचावपटू जरा उशिरा वळतात, गोलरक्षकाचा हात थोडा कमी पोचतो. खेळणाऱ्याला हे जाणवत नाही, जाणवू नये अशीच रचना असते, पण आपण खेळतो ते फुटबॉल खऱ्यापेक्षा पाच-सात पट उदार असतं.

इथं हर्लिंगचा विचार करून बघा. राखाडी-पांढऱ्या ॲश लाकडाची हर्ली आणि स्लिअटर नावाचा लहान चामडी चेंडू. बाजूला पंधरा-पंधरा खेळाडू. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल, म्हणजे तीन गुण, आणि वरून गेला तर एक गुण. २० जुलै २०२५ रोजी क्रोक पार्कवर झालेल्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात टिपरेरीनं कॉर्कला ३-२७ विरुद्ध १-१८ असं हरवलं. आधीचा आकडा गोलांचा, नंतरचा एकेरी गुणांचा. टिपरेरीचे ३६, कॉर्कचे २१. दोन्ही बाजू मिळून चेंडू ४९ वेळा दांडीखालून वा वरून गेला. याच प्रमाणात १२ मिनिटांचा तुकडा घेतला तर त्यात आठ वेळा गुण होतात. म्हणजे गोलरक्षकाचा हात आखूड करावा लागत नाही, घड्याळही पळवावं लागत नाही. छोट्या सुट्टीत जसाच्या तसा मावावा असा मैदानी खेळ शोधायचा तर हर्लिंगसारखा दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग तो प्रत्येक फोनवर का नाही? या प्रश्नाचं उत्तर २००५ आणि २००७ सालच्या तीन डिस्कांमध्ये आहे.

२००५ च्या शेवटी प्लेस्टेशन २ वर ‘गेलिक गेम्स: फुटबॉल’ आला. प्रकाशक सोनी, पण बनवला होता ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या आयआर गुरूज या कंपनीनं. आयर्लंडचा देशी खेळ पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला का गेला? कारण त्या कंपनीनं ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलचे खेळ आधी बनवले होते. ते फुटबॉल आणि गेलिक फुटबॉल इतके जवळचे आहेत की दोन्ही देश दोहोंचं मिश्रण करून एकमेकांशी सामने खेळत आले आहेत. हातात धरता येणारा चेंडू, मोठं मैदान, उंच लाथ: चालवणारं यंत्र अर्धं तयारच होतं. आयर्लंडच्या दुकानांत डिस्क धडाधड खपली. समीक्षकांनी मात्र ती झोडपली. हालचाली जडशीळ, नियंत्रण अवघड, चित्रं मागासलेली. २००७ साली फुटबॉलची दुसरी आवृत्ती आणि ‘गेलिक गेम्स: हर्लिंग’ आले.

फुटबॉलच्या खेळानं सगळंच आणायचा प्रयत्न केला: तीस खेळाडू, भलंमोठं मैदान, उसळी, सोलो म्हणजे धावता धावता चेंडू पायावरून हातात घेणं, हँडपास, फ्री किक. अंगठ्यांना झेपावं म्हणून काहीच बाजूला ठेवलं नाही. हर्लिंगमध्ये तर कठीण प्रसंग. जमिनीवरचा चेंडू हर्लीनं उचलणं, पळताना तो हर्लीच्या टोकावर तोलणं, प्रतिस्पर्ध्याचा फटका मागून अडकवणं, ही प्रत्येक गोष्ट मुलं वर्षानुवर्षं घासून शिकतात. तिला एकेक बटण दिलं की बटणं संपतात आणि मजाही संपते. शिवाय अख्ख्या बेटावर माणसं सत्तर लाखांच्या आसपास. जगभर विकल्या जाणाऱ्या फुटबॉलच्या खेळावर जो पैसा लागतो तो इथं कोण लावणार?

तरीही लोकांनी फुटबॉलची डिस्क विकत घेतली, आणि मला या गोष्टीत खरा धडा दिसतो. केरी, मेयो, आर्मा, डोनेगॉल. पडद्यावर आपल्या काउंटीचे रंग पहिल्यांदाच दिसत होते. या खेळात मोठ्यात मोठा खेळाडूही बिनपगारी असतो; तो आठवडाभर शाळेत शिकवतो किंवा शेती बघतो आणि रविवारी आपल्या मातीसाठी उतरतो. बुक क्रिकेटच्या वहीत गावसकरचं नाव लिहिण्यामागं जी ओढ होती तीच इथं डिस्क विकत घ्यायला लावत होती. नाव आणि रंग यांना कात्री लावता येत नाही. बाकी बरंच काही कापता येतं. मला कुणी विचारलं तर मी हर्लिंगमधली एकच गोष्ट उचलेन: साइडलाइन कट. चेंडू रेषेवर गवतात ठेवलेला, हातानं उचलायचा नाही, हर्लीच्या कडेनं त्याला खालून असा कापायचा की तो वर उठून वळत दांडीवरून जावा. इवातांचे तीन दाब त्याला पुरेसे आहेत. पाठीमागं आपल्या काउंटीचा झेंडा हवा.

हर्लिंग जपणाऱ्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशननं आपल्या सभासदांना क्रिकेट, रग्बी, हॉकी आणि इंग्रजी फुटबॉल खेळायला कित्येक दशकं मनाई केली होती. ती बंदी १९७१ मध्ये उठली. आज एकाच फोनवर ते सारे शेजारी शेजारी असतात.

सामना लहान झाला की आणखी एक गोष्ट बदलते: नशिबाचा वाटा. यावर नेमका विचार करणारा माणूसही डब्लिनमध्येच होता. विल्यम सीली गॉसेट १८९९ साली गिनेसच्या मद्यनिर्मिती कारखान्यात लागला. बार्लीच्या मोजक्याच नमुन्यांवरून अख्ख्या पिकाबद्दल किती खात्रीनं बोलता येईल, हा त्याचा रोजचा प्रश्न. त्यातून १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावानं त्याचा प्रसिद्ध लेख आला, आणि लहान नमुन्यांचं संख्याशास्त्र उभं राहिलं. छोटा सामना हाही लहान नमुनाच. समजा तुम्ही प्रतिस्पर्ध्यापेक्षा सरस आहात आणि प्रत्येक गुण जिंकण्याची तुमची शक्यता ६० टक्के आहे. एकाच गुणाचा सामना असेल तर तुम्ही शंभरात ६० वेळा जिंकाल. तीन गुणांत सरशी ठरवली तर ६५ वेळा, पाचांत ६८, एकवीस गुणांत साधारण ८३. एकशे एक गुण खेळलात तर ९८ वेळा. सामना जितका लांब तितका सरस खेळाडू सुरक्षित.

वर सांगितलेल्या अंतिम सामन्यात मध्यंतराला कॉर्क सहा गुणांनी पुढं होतं. दुसऱ्या अर्ध्यात त्यांना फक्त दोन गुण मिळाले आणि टिपरेरी पंधरा गुणांनी जिंकली. ३५ मिनिटांचाच सामना असता तर चषक कॉर्कला गेला असता. आयर्लंडचं क्रिकेट तर अशा लहान नमुन्यांवरच मोठं झालं. २ जुलै १९६९ रोजी सायन मिल्स गावात वेस्ट इंडीजचा संघ २५ धावांत गारद झाला. १७ मार्च २००७ रोजी, सेंट पॅट्रिकच्याच दिवशी, विश्वचषकात आयर्लंडनं पाकिस्तानला घरी पाठवलं. २ मार्च २०११ रोजी बंगळुरूत केव्हिन ओब्रायननं ५० चेंडूंत शतक ठोकून इंग्लंडच्या ३२७ धावा पार करून दिल्या. पाच दिवसांच्या क्रिकेटमध्ये दुबळ्या संघाला अशी दारं क्वचित उघडतात. आयर्लंडला कसोटीचा दर्जा मिळाला तो २०१७ मध्ये. सुट्टीतल्या छोट्या खेळात नवशिक्यानं मुरलेल्याला हरवणं हा म्हणूनच दोष नव्हे. दहा वर्षांच्या मुलीबरोबर काकाला खेळता येतं ते त्यामुळेच.

या सगळ्याचा माणसाला उपयोग काय, यावरही आयर्लंडमध्ये काम झालं आहे. लिमरिक विद्यापीठातल्या लीरो या सॉफ्टवेअर संशोधन केंद्रात ई-स्पोर्ट्सची प्रयोगशाळा आहे. तिथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन मांडलं की बाजारात सहज मिळणारे व्हिडिओ गेम चिंता आणि नैराश्याची लक्षणं सौम्य करायला हातभार लावू शकतात, विशेषतः जिथं उपचार महाग किंवा दूर असतात. हा आढावा आहे, औषधाची चिठ्ठी नाही, हे लक्षात ठेवून तो वाचायला हवा. त्याच्या जोडीला मला झाबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांची २००७ सालची मांडणी महत्त्वाची वाटते. कामाचा शीण कशानं उतरतो हे शोधताना त्यांनी चार अनुभव वेगळे काढले: कामापासून मन सुटणं, शरीर सैल पडणं, काहीतरी जमल्याचं समाधान आणि आपल्या वेळेवर आपला ताबा. बातम्या चाळताना मन सुटतं, पण जमल्याचं समाधान मिळत नाही. पाच पेनल्टींपैकी चार आत गेल्या की मिळतं, आणि तेही कुणाची परवानगी न घेता.

ताबा ही यातली सगळ्यांत नाजूक गोष्ट. बुक क्रिकेट घंटेबरोबर संपायचं. नाण्याचं यंत्र पाटी दाखवून थांबायचं. आजचे काही खेळ मात्र थांबूच नयेत असे बांधलेले असतात: सामना संपतो, पण लगेच बक्षिसाची पेटी उघडायची असते, खेळाडूंच्या पत्त्यांचं पाकीट विकत घ्यायचं असतं, उद्या न आल्यास मालिका तुटणार असते. पैसे मोजून आत काय निघेल ते न कळणाऱ्या अशा पाकिटांना बेल्जियमनं २०१८ मध्ये जुगार ठरवलं. त्याच वर्षी गेलिक ॲथलेटिक असोसिएशननं सट्टा घेणाऱ्या कंपन्यांचं प्रायोजकत्व नाकारलं. दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात. सुट्टीसाठी खेळ निवडताना मी एवढंच बघायला सांगेन की सामना संपल्यावर पडद्यावर निकाल येतो की दुकान येतं.

खरे खेळही कात्रीपासून दूर राहिलेले नाहीत. गेलिक फुटबॉल फार बचावात्मक झालं, चेंडू आडवाच फिरत राहतो, अशी ओरड वाढल्यावर डब्लिनचे माजी प्रशिक्षक जिम गॅव्हिन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि २०२५ च्या हंगामात नवे नियम आले. गोलपासून ४० मीटरवर कमान आखली गेली. तिच्या बाहेरून मारलेली लाथ दांडीवरून गेली तर आता दोन गुण. त्या जुलैतल्या अंतिम सामन्यात केरीनं डोनेगॉलला १-२६ विरुद्ध ०-१९ असं हरवलं, आणि त्यांच्या गुणसंख्येत या दुहेरी गुणांचा मोठा भाग होता. छोटे खेळ बनवणारे पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत: ज्या क्षणाला लोक श्वास रोखतात त्याची किंमत वाढवायची. आता कमानीच्या आत शिरून खात्रीचा एक गुण घ्यायचा की बाहेरूनच दोनाचा धोका पत्करायचा, हा निर्णय तीन सेकंदांत घेता येतो आणि एका अंगठ्यानं पार पाडता येतो. मेलबर्नच्या मंडळींना २००५ मध्ये असा नियम मिळाला असता, तर त्यांना तीस खेळाडू पळवावे लागले नसते.